स्लॅशर घेताना, जोडताना आणि जपताना: ट्रॅक्टरवरच्या गवत-झुडूप कापणी यंत्राची क्रमवार माहिती

परतीचा पाऊस संपतो, बांध आणि बागा गवताने भरतात, आणि आमच्या मोहोळ-पंढरपूर भागात वर्कशॉपच्या दारात स्लॅशर उलटे पडलेले दिसायला लागतात. कुणाचा गिअरबॉक्स फुटलेला, कुणाचा शाफ्ट वाकलेला, कुणाच्या तेल अडवणाऱ्या खालच्या सीलमध्ये ठिबकची नळी गुंडाळलेली. मालकाचा राग कंपनीवर असतो. पण मशीन उघडलं की कारण बहुतेक वेळा तेच निघतं: पहिल्या दिवशी तासभर बसून जे करायचं होतं, ते कुणी केलंच नव्हतं. हा लेख त्या तासाभराच्या कामासाठी आहे, आणि त्याआधी मशीन निवडताना ज्या चुका होतात त्यांच्यासाठी.

एक नावाचा घोळ आधी सोडवतो. दुकानात ‘ब्रश कटर’ मागितलं तर खांद्याला अडकवायचं छोटं इंजिन पुढे करतात. आपल्याला हवं ते ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला (मागच्या तीन जोडांना) जोडून पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारं यंत्र: वर लोखंडी छत, मधे गिअरबॉक्स आणि खाली आडवी गरगरणारी पाती. त्याला आपल्याकडे स्लॅशर किंवा ग्रास कटर म्हणतात. खाली सगळीकडे स्लॅशर हाच शब्द वापरला आहे.

१. आधी ठरवा, कापायचं काय आहे

स्लॅशर हे उभं गवत आणि कोवळी झुडपं तोडण्याचं यंत्र आहे. डाळिंबाच्या दोन ओळींमधलं गवत, बांधाकडेचं गाजरगवत, पडीक रानातली बोटाएवढ्या जाडीची झुडपं, ज्वारी काढल्यावर उभी राहिलेली धसकटं, हे काम तो चोख करतो.

उसाचं पाचट हे मात्र त्याचं काम नाही. जमिनीवर पसरलेलं सुकं पाचट पात्यांखाली येतं, अर्धवट तुटतं आणि एका बाजूला ओळ लागून पडतं. वर गिअरबॉक्सच्या दांड्याला गुंडाळलं जातं ते वेगळंच. पाचटाला, तुराट्यांना आणि छाटणीच्या फांद्यांना मल्चर घ्या. मल्चरमध्ये आडवा रोलर असतो आणि त्यावर अनेक छोटी पाती किंवा हातोडे असतात, त्यामुळे माल बारीक होतो. तो महाग आहे आणि ताकदही जास्त मागतो. वर्षातून चार दिवस पाचट कुट्टी करायची असेल तर मल्चर भाड्याने आणावा आणि बागेसाठी स्लॅशर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेड्या बाभळीबद्दल वेगळं सांगतो. उजनीच्या कालव्यांकडेला आणि ओढ्याकाठी ती माजलेली असते, आणि बऱ्याच जणांना वाटतं स्लॅशर फिरवला की प्रश्न मिटला. ती बुडातून पुन्हा फुटते. शिवाय पात्याने तुटलेलं खोड भाल्यासारखं टोकदार उरतं आणि दुसऱ्याच फेऱ्यात मागच्या टायरमध्ये घुसतं. मनगटाएवढी बाभूळ आधी जेसीबीने बुडासकट काढा. स्लॅशर नंतर, उगवणाऱ्या कोवळ्या फुटव्यांवर.

सावध: डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग असेल तर छाटलेल्या रोगट फांद्यांवर स्लॅशर किंवा मल्चर काहीही फिरवू नका. त्या गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळायच्या असतात. तुकडे करून बागेतच पसरवले तर रोग आपणच झाडाखाली पेरतो.

२. ट्रॅक्टरची खरी ताकद आणि मशीनची रुंदी

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. स्लॅशरला मिळतो तो पीटीओचा, आणि तो साधारण ८५ ते ९० टक्के भरतो. २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरकडून पीटीओवर २० ते २१ एचपी धरा, ३५ वाल्याकडून ३० ते ३१.

आता रुंदी. गवतासाठी कापणीच्या प्रत्येक फुटाला पीटीओचे ५ एचपी हा कामचलाऊ हिशोब आहे. दाट झुडपांसाठी तोच ८ पर्यंत जातो. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी स्लॅशर. ३५ एचपीला गवतात सहा फुटी चालेल, पण झुडपं असतील तर चार फुटीच बरा. ‘पाच फुटी घेऊ, एका फेऱ्यात जास्त रान होईल’ म्हणून मिनी ट्रॅक्टरला पाच फुटी लावलेला मी पाहिला आहे. गवत गुडघ्याच्या वर गेलं की इंजिन दबतं, पात्यांचा वेग पडतो आणि गवत तुटण्याऐवजी चेचलं जातं. शेवटी अर्ध्या रुंदीनेच दोन फेरे मारावे लागतात.

बागेत रुंदी झाडं ठरवतात. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर असेल आणि झाडाचा घेर तीन मीटरपर्यंत पसरला असेल, तर मधे दीड मीटरच मोकळं राहतं. तिथे चार फुटी, म्हणजे सव्वा मीटरच्या आतलं मशीन लागतं, आणि तरी फळांच्या वजनाने वाकलेल्या फांद्या आधी बांधाव्या लागतात. उघड्या रानासाठी घेत असाल तर उलटं बघा. मशीन ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरच्या मापाइतकं तरी रुंद हवं, नाहीतर टायरखाली आडवं झालेलं गवत तसंच मागे उरतं.

वजनही बघायचं. मागे स्लॅशर उचलल्यावर ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं होतं. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिला नाही तर स्टिअरिंग ऐकत नाही. हलक्या ट्रॅक्टरला पुढे वजनाच्या पाट्या लावाव्या लागतात. त्यांचा खर्च खरेदीतच धरा.

३. दुकानात उभं राहून तपासायच्या गोष्टी

रंग बघू नका. खाली वाका.

पाती हाताने फिरवा. प्रत्येक पातं आपल्या बोल्टवर मोकळं झुललं पाहिजे. दगड लागला की पातं मागे हटावं म्हणूनच ते तसं बसवलेलं असतं. काही जण पाती थेट वेल्डिंगने जाम करून विकतात. ती सोलापूरच्या मुरमाड रानात आठवडाभर टिकणार नाहीत, आणि सुटली तर माणूस मारतील. पाती ज्याला जोडतात तो तव्यासारखा गोल भाग असेल तर उत्तम. खुंटावर किंवा दगडावर मशीन चढलं तर तवा घसरून जातो, नुसत्या पट्टीचा दांडा अडकतो.

गिअरबॉक्सवरची पाटी वाचा. त्यावर लिहिलेली एचपी क्षमता तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओ एचपीपेक्षा जास्त हवी. बरोबरीची नको. इनपुट दांडा धरून वर-खाली हलवा, ठोकल्यासारखा आवाज आला तर ते मशीन सोडा. छताला पुढे-मागे साखळ्यांचा पडदा आहे का बघा. साखळ्या ‘नंतर लावून देतो’ म्हणाले तर पैसेही नंतर द्या.

पिनांचं माप जुळवा. जोडाच्या मापाला कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या जोडाची, १९ ची. कॅटेगरी दोनला २८ आणि २५. मोठ्या भोकात छोटी पिन घालून काम चालवलं तर मशीन खडखडतं आणि भोकं अंडाकृती होतात. मापाचं बुश मिळतं, तेच बसवा.

मग विचारा: जादा पाती, पात्यांचे बोल्ट आणि क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा भाग) इथे मिळतात का? पात्याचा बोल्ट साधा नसतो, त्याला खांदा असतो. तो मिळायला पंधरा दिवस लागणार असतील तर ऐन हंगामात मशीन उभं राहील. दोन पाती, त्यांचे बोल्ट-नट आणि सहा शिअर बोल्ट (अडथळा आला की मुद्दाम तुटणारे) मशीनसोबतच घेऊन या.

तपासा: अनुदानावर घेणार असाल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच बिल करा. आधी खरेदी आणि मग अर्ज, या क्रमाने गेलेल्यांचं अनुदान अडकतं. निवडलेल्या मॉडेलचा तपासणी अहवाल आहे का, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्या.

४. पहिली जोडणी: शाफ्ट मापल्याशिवाय बसवू नका

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, म्हणून इथे थोडा थांबतो.

मशीनसोबत आलेला पीटीओ शाफ्ट, म्हणजे पीटीओला गिअरबॉक्सशी जोडणारा लांब दांडा, कोणत्याही ट्रॅक्टरला पुरावा म्हणून लांब बनवलेला असतो. तो तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाने कापायचा असतो. माझ्या पहिल्या स्लॅशरचा मी कापला नव्हता. जमिनीवर टेकवलेल्या अवस्थेत तो कसाबसा बसला. बांधापाशी मशीन थोडं उचललं आणि दोन्ही नळ्या आतून एकमेकींवर टेकल्या. हायड्रोलिकचा सगळा दाब शाफ्टने ट्रॅक्टरच्या पीटीओत ढकलला. बेअरिंग गेलं, सील गेलं, आणि ऐन गवतात ट्रॅक्टर नऊ दिवस उभा राहिला. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो हा: ‘मालक, शाफ्ट मापला होता का?’

क्रम असा ठेवा:

१. सपाट जागेवर शाफ्ट न लावता मशीन जोडा. आधी डावा लोअर लिंक (खालचा हात), मग उजवा, शेवटी टॉप लिंक. उजव्या लिंकला वर-खाली करायचा हँडल असतो, म्हणून तो नंतर. लोअर लिंकच्या बाजूच्या साखळ्या, म्हणजे चेक चेन, इतक्या घट्ट करा की मशीन आडवं बोटभरच हलेल.

२. तुमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा असेल तर पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग कपलर आत्ताच बसवा. तो का लागतो ते सातव्या टप्प्यात येईल. कपलरने लांबी वाढते, त्यामुळे शाफ्ट कापल्यानंतर तो बसवला तर सगळं माप चुकतं.

३. मशीन हळूहळू उचला. पीटीओचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा जिथे एका रेषेत येतात, तिथे दोघांतलं अंतर सहसा सगळ्यात कमी असतं. त्या उंचीवर थांबा. मशीनखाली लाकडी ठोकळे द्या, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका.

४. शाफ्टचे दोन भाग ओढून वेगळे करा. एक ट्रॅक्टरला लावा, दुसरा गिअरबॉक्सला, आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरा. नळीचं टोक समोरच्या जोडाला टेकायच्या आधी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. तिथे खूण करा.

५. जेवढं एका नळीचं कापाल तेवढंच दुसरीचं. प्लास्टिकच्या कव्हरचंही तितकंच. कापल्यावर कानसीने कडा साफ करा, आत पडलेला लोखंडाचा कीस पुसून काढा, मग ग्रीस लावून जोडा.

६. आता मशीन पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन सगळ्यात लांब अवस्था बघा. तेव्हाही शाफ्टच्या लांबीच्या एक तृतीयांश तरी नळी एकमेकींत राहिली पाहिजे. कमी राहत असेल तर शाफ्ट आखूड आहे, लांब शाफ्ट आणा. वेल्डिंगने जोड देऊ नका.

तपासा: शाफ्टच्या मधल्या दोन योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे) कान एकाच दिशेला आहेत का? साफसफाईनंतर नळ्या जोडताना हे हमखास चुकतं. कान आडवे-उभे झाले तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात झटके देतो, क्रॉस लवकर जातात, आणि लोक दोष पात्यांना देतात.

पीटीओच्या टोकावरची कुलपाची पिन खाचेत बसली की ‘टक’ आवाज येतो. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. शाफ्ट मागे जोरात ओढून बघा. कव्हरची साखळी ट्रॅक्टरला अडकवा, म्हणजे कव्हर शाफ्टबरोबर फिरणार नाही. धोतर, साडीचा पदर, गळ्यातला टॉवेल फिरत्या शाफ्टजवळ गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. कव्हर फुटलं असेल तर त्या दिवशी काम बंद ठेवा.

५. लेव्हल आणि उंची

आडवी लेव्हल उजव्या लिंकच्या हँडलने करा. पुढे-मागे लेव्हल टॉप लिंकने आणि मागच्या चाकाने.

पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली हवी. माप छताच्या कडेला घेऊ नका, पात्याच्या टोकाला घ्या: इंजिन बंद, मशीन ठोकळ्यांवर, पातं हाताने पुढे फिरवून जमिनीपासून मोजा, मग तेच मागे फिरवून मोजा. पुढे खाली असलं की गवत एकदाच तुटतं आणि मागून सुटतं. मागे खाली राहिलं तर तेच गवत पुन्हापुन्हा कापलं जातं, बारीक होतं खरं, पण डिझेल जातं आणि इंजिन दबतं.

उंची काळ्या, साफ रानात तीन इंच ठेवा, मुरमाड रानात चार-पाच. गवत बुडापासून काढायचा मोह होतो. पण पातं मातीला लागलं की एका दिवसात धार जाते, आणि हरळी व लव्हाळा बुडातून कापूनही मरत नाहीत, ते मुळांवर आणि गाठींवर जगतात. उंची मागच्या चाकाने आणि बाजूच्या घसरपट्ट्यांनी ठरवावी. मशीन हायड्रोलिकवर लटकवून चालवू नका, प्रत्येक खड्ड्याला पाती मातीत जातील.

६. शेत पायी फिरा

पाच फुटी स्लॅशरची पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास होतो. त्या वेगाने सुटलेला गोटा माणसाला लागला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून १०० मीटरच्या आत माणूस, जनावर, लेकरू नको. मशीनवर कुणाला बसवून वजन द्यायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती आजच थांबवा.

गवत उंच असताना खाली काय आहे ते ट्रॅक्टरवरून दिसत नाही. गमबूट घालून, काठी आपटत, सगळं रान चालून या. घोणस अशाच गवतात पडून असते आणि ती सहज बाजूला होत नाही. आपल्या भागात हमखास सापडतं ते असं: ठिबकच्या लॅटरल (ओळीतल्या नळ्या) आणि त्यांची वर आलेली टोकं, फ्लश व्हॉल्व्ह, सबमेनचे उभे पाईप, बोअरची केसिंग, हद्दीचे दगड, द्राक्षाच्या जुन्या मांडवाची तार, विजेच्या खांबाचा ताण. काढता येईल ते काढा. न काढता येणाऱ्याजवळ उंच काठी रोवून वर रंगीत कापड बांधा. लॅटरल गुंडाळून झाडाच्या बुडाशी घ्या.

तार आणि नळी दगडापेक्षा वाईट. दगड लागला तर आवाज येतो, माणूस थांबतो. नळी गपचूप तव्याच्या वर, गिअरबॉक्सच्या खालच्या दांड्याला गुंडाळत जाते, घासून वितळते आणि सील कापते. तेल थेंबथेंब गळतं, आणि कळतं तेव्हा दाते जळालेले असतात.

मुरमाड, उघड्या जागेत टिटवीची अंडी जमिनीवरच असतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला की तेवढा तुकडा सोडून द्या.

७. चालवणं

पीटीओ इंजिनाच्या कमी वेगावर जोडा, मग हळूहळू वेग वाढवा. डॅशबोर्डवर पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांची खूण असते. प्रत्येक ट्रॅक्टरला ती वेगळ्या इंजिन-वेगावर येते, तिथेच काटा ठेवा. डिझेल वाचवायला वेग कमी ठेवणारे बरेच भेटतात. पात्यांची ताकद त्यांच्या वेगात असते. वेग पडला की पाती मागे लोळतात, गवत फाटतं आणि गिअरबॉक्सवर ताण वाढतो. जोर कमी पडतोय वाटलं तर इंजिन तसंच ठेवा आणि गिअर खालचा घ्या.

ट्रॅक्टरचा वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर पुरे. गवत कमरेएवढं असेल तर पहिला फेरा उंच ठेवून, दुसरा खाली. फेरे सुरू करताना बाहेरून आत या, आणि कापलेला माल रस्त्याकडे किंवा वस्तीकडे फेकला जाणार नाही अशी दिशा धरा.

आता ओव्हररनिंग कपलर. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेक दाबून माणूस घाबरतो, ट्रॅक्टर विहिरीकडे चालतच राहतो. कपलर हा उलटा जोर तोडतो: पाती फिरत राहतात, ट्रॅक्टर थांबतो. डबल क्लचच्या ट्रॅक्टरला ही अडचण येत नाही.

वळणावर मशीन पूर्ण उचलायचं असेल तर आधी पीटीओ बंद. शाफ्टचा कोन २५ अंशांच्या पुढे गेला की क्रॉस कडकडायला लागतात. तो आवाज आला तर आधीच उशीर झालेला असतो.

दहा मिनिटं चालवून थांबा. पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरू नका. मग बघा: गिअरबॉक्सवर हात टिकतो का, शाफ्टवर स्लिप क्लच (जास्त जोर आला की घसरणाऱ्या प्लेटा) असेल तर त्याच्याजवळ जळका वास आहे का, पात्यांचे नट सैल झाले का. नवीन मशीनचे सगळे नट पहिल्या तासानंतर एकदा आवळावेच लागतात.

सावध: मार्च ते मे या काळात सुकं गवत गिअरबॉक्सवर आणि सायलेन्सरजवळ साचून पेट घेतं. पात्याची ठिणगी गारगोटीवर उडाली तरी पुरते. कापणी सकाळी करा, तासाला एकदा थांबून छत झाडा, रेडिएटरची जाळी साफ करा, आणि पाण्याने भरलेला पाठीवरचा पंप बांधावर ठेवा.

गाजरगवत फुलावर येण्याआधीच कापा. फुलल्यावर कापलं तर बी सगळीकडे उडतं आणि छताला चिकटून पुढच्या रानात जातं. एका शेतातून दुसऱ्यात जाताना मशीन खालून खरवडून घेणं म्हणूनच गरजेचं, भाड्याने देणाऱ्यांनी तर न चुकता.

८. पाती: धार आणि वजन

पातं दाढीच्या पात्यासारखं धारदार करायचं नसतं. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. बारीक धार पहिल्या दगडाला वळते. धारेच्या टोकाला दीड मिलिमीटर जाडी सोडा. मूळ उतार आहे तसाच ठेवा आणि ग्राइंडर वरच्या उताराच्या बाजूनेच फिरवा, खालची बाजू सपाट राहू द्या. एका जागी ग्राइंडर दाबून धरला आणि लोखंड निळं पडलं, तर त्या जागेचं पाणी गेलं. ती जागा पुढे मऊ राहते. थोडं घासा, थांबा, गार होऊ द्या.

काम सुरू करण्याआधी शाफ्ट ट्रॅक्टरपासून काढलेला हवा आणि मशीन पक्क्या ठोकळ्यांवर. फक्त हायड्रोलिकच्या भरवशावर कुणीही छताखाली जाऊ नये. लिव्हरला धक्का लागला किंवा पाईप फुटला तर मशीन अंगावर येतं.

दोन्ही पाती सारखीच घासा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. २५-३० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. पाच फुटी मशीनमध्ये टोकाकडे १०० ग्रॅमचा फरक राहिला तर हजार फेऱ्यांना तो गिअरबॉक्सचा दांडा एका बाजूला जवळपास ८० किलोच्या जोराने ओढतो, प्रत्येक फेऱ्यात, दिवसभर. बेअरिंग का गेलं, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. त्याच कारणाने पातं नेहमी जोडीने बदला. एक नवं, एक झिजलेलं असं कधीच नको.

वाकलेलं पातं तापवून सरळ करू नका, तडा गेलेलं वेल्ड करू नका. दोन्ही भंगारात. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तरीही पातं गेलं समजा. बोल्ट आणि नट पात्यांबरोबर नवे घ्या आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा. टॉर्क पाना नसेल तर गॅरेजमध्ये जाऊन आवळून घ्या, पाईप लावून अंदाजाने नको.

तपासा: पाती उलटी बसली नाहीत ना? गिअरबॉक्सचा इनपुट दांडा हाताने पीटीओच्या फिरण्याच्या दिशेने फिरवा. पात्याची धार पुढे आली पाहिजे. मागची बाजू पुढे येत असेल तर मशीन गवत झोडपतं, कापत नाही.

मशीन थरथरायला लागलं तर या क्रमाने शोधा: तव्याला गुंडाळलेलं गवत किंवा तार, जाम होऊन एका बाजूला अडकलेलं पातं, तुटलेलं पातं, योकचे कान, आणि शेवटी बेअरिंग. बहुतेक वेळा पहिल्या दोनातच सापडतं.

९. शिअर बोल्ट, गिअरबॉक्स, ग्रीस

शिअर बोल्ट हा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. अडथळा आला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तीनदा तुटला की माणूस वैतागून कडक बोल्ट घालतो. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो. ४.६ च्या जागी ८.८ घातला तर ताकद दुप्पट होते, आणि पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो, दाते तुटतात. पुस्तकात जे माप आणि जो ग्रेड दिला आहे तोच वापरा. बोल्ट वारंवार तुटत असेल तर दोष रानात, उंचीत किंवा वेगात आहे.

रोज, म्हणजे आठ तासांनी: शाफ्टचे दोन्ही क्रॉस आणि सरकणारी नळी यांना लिथियम ग्रीस, मागच्या चाकाच्या दांड्याला थोडं. क्रॉसच्या चारही टोकांतून नवं ग्रीस बाहेर डोकावलं पाहिजे. एका टोकातून येत नसेल तर तिथलं बेअरिंग कोरडं चालतंय. गिअरबॉक्सचं तेल गार असताना, सपाट जागेवर, बाजूच्या प्लगला बघा. पातळी प्लगच्या काठापर्यंत हवी. तेल पुस्तकात दिलेलंच घाला, बहुतेक मशीनना ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० असतं. पहिलं तेल ५० तासांनी बदला, कारण नव्या दात्यांचा कीस त्यात उतरलेला असतो. नंतर वर्षातून एकदा.

तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. तसंच चालवू नका. गिअरबॉक्सवरचा ब्रीदर (हवा जायचं छोटं भोक) धुळीने बुजला असेल तर गरम हवा बाहेर पडत नाही आणि सीलवाटे तेल ढकलते. सील बदलण्याआधी पाच रुपयांच्या ब्रशने ब्रीदर साफ करून बघा. धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर आणि क्रॉसवर मारू नका.

१०. हंगाम संपल्यावर

छत खालून खरवडा. ओला पाला चिकटून राहिला की पत्रा सहा महिन्यांत खातो. पात्यांना आणि शाफ्टच्या उघड्या नळीला जुनं इंजिन ऑइल चोळा. मशीन मातीवर नको, फळ्यांवर ठेवा, शेडमध्ये. शाफ्ट काढून आत आडवा टांगा.

स्लिप क्लचचं मशीन असेल तर पुन्हा काम सुरू करण्याआधी क्लच मोकळा करावाच लागतो. पावसाळाभर उभं राहिल्यावर त्याच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, आणि दगड लागला की क्लच सुटत नाही. स्प्रिंगांची लांबी मापून वहीत लिहा. सगळे नट सारखे फेरे सैल करा. प्लेटांवर आडवी खडूची रेघ मारा, दूर उभे राहा, आणि इंजिनाच्या कमी वेगावर पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. सगळं थांबल्यावर रेघ बघा. प्लेटांवरच्या रेघा एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या तर नट पुन्हा वहीतल्या मापापर्यंत आवळा. सरकल्या नसतील तर क्लच खोलून प्लेटा पॉलिश पेपरने साफ करा, तोवर मशीन रानात नेऊ नका.